पाच रकाने आणि एक बेट

१८७८ सालच्या त्या वहीत पाच रकाने आहेत. पहिल्यात जागेचं नाव, नकाशावर छापायचं तसं. दुसऱ्यात तेच नाव निरनिराळ्या लोकांनी कसंकसं लिहून दिलं ते. तिसऱ्यात ते लोक कोण, त्यांची नावं आणि हुद्दे. चौथ्यात जागेचा ठावठिकाणा. पाचव्यात थोडक्यात वर्णन: ओढा असेल तर कुठून निघतो आणि कुठे मिळतो, घर असेल तर किती मजली, छप्पर कशाचं, मालक कोण. अक्षर कारकुनी, वळणदार. मधूनच एखादं नाव आडव्या रेघेने खोडून वर दुसरं लिहिलेलं.

ही वही शेटलंडची. स्कॉटलंडचा उत्तर किनारा संपल्यावर समुद्रात आणखी पुढे शंभरावर बेटांचा जो पुंजका आहे, तो शेटलंड. ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याने, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेने, १८७७-७८ मध्ये तिथली मोजणी केली आणि पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाप्रमाणे, अशा नाववह्या भरल्या.

मी नोकरीभर भूकरमापक होतो. बांधावर उभं राहून टिपण वाचायचं, हद्दीच्या खुणा शोधायच्या, लगतदारांना बोलावून त्यांच्यासमक्ष मोजणी करायची, यात आयुष्य गेलं. त्यामुळे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला राहणाऱ्या माझ्या मुलीने या वह्यांच्या पानांची छायाचित्रं मला दाखवली, तेव्हा मी किल्ले आणि सरोवरं बाजूला ठेवून तीच वाचत बसलो. दुसऱ्या देशातलं आपल्याच धंद्याचं दप्तर वाचायला मिळणं हा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

माझं लक्ष पहिल्यापासून तिसऱ्या रकान्याकडे होतं. नाव सांगितलं कुणी? मी वाचलेल्या पानांत पाद्री दिसतात, शाळामास्तर दिसतात, जमीनदार आणि त्याचे कारभारी, दुकानदार दिसतात. बाईचं नाव क्वचितच. ज्या कुळाने त्या जमिनीत आयुष्य काढलं त्याचं नाव आलं तर शेवटी, आधीच्या दोघांना दुजोरा द्यायला. हे काही मोजणीदारांच्या लहरीने होत नव्हतं, खात्याची रीतच तशी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑर्डनन्स सर्व्हेने आपल्या माणसांसाठी काढलेल्या सूचनांत ते लेखीच आहे: लहान शेतकरी आणि झोपडीवजा घरांत राहणारे लोक यांच्यावर नावांच्या बाबतीत विसंबू नये, ते स्वतः राहतात त्या जागेच्या नावाबाबतही नाही. शिकलासवरलेला कूळ असेल तर तेवढा चालेल.

ते वाक्य मी दोनतीनदा वाचलं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

शेटलंडच्या पश्चिमेकडच्या एका पॅरिशचं नाव नकाशावर ‘वॉल्स’ असं आहे. इंग्रजी येणारा कुणीही समजेल की इथे जुन्या भिंती असणार. भिंतींचा काही संबंध नाही. नवव्या शतकापासून शेटलंडमध्ये नॉर्वेकडून आलेले लोक राहत होते, आणि त्यांच्या भाषेत आत शिरलेल्या खाडीला ‘वाग्र’ म्हणत. अनेक खाड्यांचा मुलूख म्हणून गावाचं नाव पडलं. बोलण्यात झिजत झिजत त्याचं ‘वाऽस’ झालं आणि तिथली माणसं आजही ‘वाऽस’च म्हणतात. पण पुढे कागद लिहिणारे आले ते स्कॉट. स्कॉट माणूस बोलताना भिंतीला, ‘वॉल’ला, ‘वा’ म्हणतो. तेव्हा लिहिणाऱ्याने विचार केला की हे खेडवळ लोक ‘वॉल्स’चा उच्चार ‘वाऽस’ करताहेत, आपण शुद्ध करून लिहू. केलं शुद्ध. त्या एका शुद्धीकरणाने खाड्या गेल्या आणि कधी नव्हत्या त्या भिंती उभ्या राहिल्या. नकाशावर, टपालाच्या शिक्क्यावर, रस्त्यावरच्या पाटीवर, सगळीकडे.

ही भाषा गेली कशी, तेही सांगतो. मुंबई पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. शेटलंडची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याच्याकडे मुलीच्या हुंड्याला रोकड नव्हती. त्याने आठ हजार फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, एवढ्या रकमेपोटी शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं. शेजारची ऑर्कनी बेटं आदल्याच वर्षी गहाण पडली होती. गहाण सुटलं नाही. स्कॉट जमीनदार आले, स्कॉट पाद्री आले, कोर्टाची आणि चर्चची भाषा बदलली, आणि बेटांवरची नॉर्न नावाची बोली पुढच्या तीनएकशे वर्षांत संपली. नावं तेवढी मागे राहिली, कारण खाडीला आणि कड्याला काहीतरी म्हणायला हवंच होतं आणि नवं नाव ठेवण्याची कुणाला गरज पडली नाही.

याच वॉल्स पॅरिशमध्ये, मुख्य बेटापासून पश्चिमेला वीसेक मैलांवर, उघड्या अटलांटिकात फूला नावाचं बेट मोडतं. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचं. पूर्वी पॅरिशच्या पाद्र्याला फूलावर जाणं वर्षातून एखाद्या वेळीच जमे. समुद्र शांत असेल तेव्हा जायचं, आणि परतताना समुद्र म्हणेल तोवर थांबायचं. १८८१ च्या जनगणनेत तिथे अडीचशेहून जास्त माणसं होती. आज तीसच्या आसपास आहेत.

आम्ही जूनमध्ये गेलो. मुख्य बेटावरच्या टिंगवॉलहून आठ आसनांचं विमान उडतं, धुकं नसेल तर. पाव तासात खाली खडीची धावपट्टी दिसते. बेट पूर्वेकडून बघावं तर सपाट, दलदलीचं, आणि पश्चिमेकडे एकदम पाच डोंगर: नूप, हॅम्नाफील्ड, स्न्यूग, केम आणि सोबर्ली. स्न्यूग सर्वांत उंच, ४१८ मीटर. केमचा कडा ३७६ मीटर उंचीवरून थेट पाण्यात उतरतो. ही पाच नावं नकाशावर आहेत. नकाशात त्यांच्या काहींच्या मागे इंग्रजी ‘द’ लावलेला आहे. बेटावरचा माणूस तिथे ‘दा’ म्हणतो: दा केम, दा नूप. एवढासा फरक, पण माझ्या कानाला तो पहिल्या तासातच लागला.

तिथल्या एका मेंढपाळाने आम्हाला वर न्यायचं कबूल केलं. वयाने माझ्याच बरोबरीचा असेल. हातात काठी, आणि ती मुख्यतः डोक्यावर धरायला. तिथे बॉन्क्सी नावाचा मोठा तपकिरी समुद्रपक्षी जमिनीवर घरटं करतो आणि जवळून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घेतो. काठी वर धरली की तो काठीच्या टोकावरून जातो. आम्हीही तसेच काठ्या वर धरून चाललो.

मी नकाशा बरोबर घेतला होता. खालच्या दलदलीतून चालताना त्याने फारसं काही सांगितलं नाही. चढ सुरू झाला आणि नावं सुरू झाली. डाल नावाची खोलगट दरी ओलांडली, तिच्या टोकाला ‘दा स्नेक ओ दा स्मॉली’ ही प्रसिद्ध भेग आहे. उभ्या खडकात दोनेक मीटर रुंदीची चीर पडली आहे आणि ती खाली समुद्रापर्यंत जाते. नकाशावर ते नाव आहे. त्याच्या पुढे कड्याच्या काठाने नकाशाला बराच वेळ बोलण्यासारखं काही नव्हतं, पण आमच्या वाटाड्याचं बोलणं थांबेना. इथे हे, तिथे ते. एका कोपऱ्याचं नाव वादळात मेंढ्या आडोशाला उभ्या राहतात म्हणून. एका कपारीचं नाव तिथे गोडं पाणी झिरपतं म्हणून. एका दगडाला पूर्वी पक्षी आणि अंडी काढायला कड्यावरून उतरणारे लोक दोर बांधत, त्या दगडाला स्वतःचं नाव. खाली कड्यातल्या खडकाच्या फळ्यांवर फुलमार पक्षी बसले होते, त्या एकेका फळीला वेगळं नाव, कारण कोणत्या घराने कोणत्या फळीवरची अंडी घ्यायची हे ठरलेलं असे आणि त्यात चूकभूल चालत नसे. ती नावं मी इथे देत नाही. ती त्याच्या घरातली आहेत आणि त्याने स्वतःच्या आवाजात लर्विक या शेटलंडच्या मुख्य गावातल्या अभिलेखागारासाठी नोंदवून ठेवली आहेत.

मोजणीवाल्याच्या नजरेला त्यात एक गोष्ट दिसली. नावांची दाटी सुंदर जागी नसते, कामाच्या जागी असते. दलदलीत पीट, म्हणजे जळणाची माती, खणायच्या पट्ट्यांपाशी नावं आहेत, मधल्या ओसाड पट्ट्यात मैलभर एक नाही. कड्यावर हातभर अंतराने आहेत. जिथे माणसाला दुसऱ्या माणसाला ‘तिकडे नको, इकडे’ असं सांगावं लागतं तिथे नाव पडतं. पाद्र्याला कड्यावरच्या फळीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, त्याला तिथे उतरायचं नव्हतं. जमीनदाराला तर नाहीच. ज्याच्या जिवाशी गाठ त्यालाच नाव माहीत. जुन्या प्रवासवर्णनांत फूलाच्या माणसाच्या तोंडचं एक बोलणं येतं, की आजा असाच गेला, बाप असाच गेला, आणि मीही एक दिवस स्न्यूगवरूनच जाणार. स्न्यूग हा शब्द त्या माणसाच्या तोंडी काय वजनाने येत असेल याचा अंदाज कोणत्याही रकान्यात मावणार नाही, हे खरं. पण म्हणून तो माणूस साक्षीदार म्हणून शेवटच्या जागी? मला तर तो पहिला हवा.

फूलावरच शंभर वर्षं आधी एका माणसाने नेमकं उलट करून दाखवलं होतं, आणि गंमत म्हणजे तो पाद्रीच होता. जॉर्ज लो हे ऑर्कनी बेटांवरचे पाद्री, निसर्गाचे अभ्यासक. १७७४ मध्ये ते शेटलंड फिरत फूलावर आले. नॉर्न तेव्हा विझत आली होती. गुट्टोर्म नावाच्या शेतावर विल्यम हेन्री हा म्हातारा शेतकरी राहत होता, त्याला एक लांबलचक गाणं पाठ होतं. ऑर्कनीचा सरदार नॉर्वेच्या राजाची मुलगी हिल्डिना हिला पळवून नेतो, तिच्यावर डोळा असलेला हिलुगे सरदाराला मारतो, आणि शेवटी हिल्डिना त्याचा सूड घेते, अशी ती कथा. लो यांना नॉर्नचा एक शब्दही कळत नव्हता. हेन्रीलाही ओळीओळीचा अर्थ सांगता येत नव्हता, एकूण गोष्ट काय आहे एवढं तो सांगू शकला. तरी लो बसले आणि ऐकू येईल तसं उतरवत गेले. ‘दा वारा यार्लिन दोर्कनेयार’ अशी सुरुवात करून पस्तीस कडवी. शब्द कुठे तुटतो हे माहीत नाही, पुढचं व्याकरण माहीत नाही. त्यांनी काही सुधारलं नाही, सुधारण्याइतकं त्यांना कळतच नव्हतं. शिवाय कुणाकडून ऐकलं तेही लिहून ठेवलं: नाव, आणि शेताचं नाव.

१९०० मध्ये मारिउस हेगस्टाद या नॉर्वेच्या अभ्यासकाने तो मजकूर पुढ्यात घेतला. फॅरो बेटांची भाषा आणि पश्चिम नॉर्वेच्या बोली, दोन्ही नॉर्नच्या नात्यातल्या, शेजारी ठेवून त्याने कडव्यामागून कडवं उलगडलं. हे शक्य झालं ते लो यांच्या कानामुळे. एक ध्वनी त्यांना जसा ऐकू आला तसाच त्यांनी प्रत्येक वेळी लिहिला होता, त्यामुळे ऐकण्यातला फरकसुद्धा नेमाचा होता आणि नेमाचा फरक मागे मोजत नेता येतो. आमच्या धंद्यात साखळी कडी-दोन कडीने आखूड असली तरी सबंध गाव त्याच साखळीने मोजलं असेल तर नकाशा सुधारून घेता येतो. ज्याने मनाने आकडे बसवले त्याच्या नकाशाला मात्र काही करता येत नाही. वॉल्सच्या बाबतीत लिहिणारा हुशार होता आणि त्याने मनाने बसवलं. फूलावर लिहिणारा अनभिज्ञ होता आणि इमानदार होता, म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडची मेलेली भाषा सव्वाशे वर्षांनी वाचता आली.

मग १८९३ मध्ये याकोब याकोबसेन आले. फॅरो बेटांवरच्या तोर्सहाव्हनचे, वय एकोणतीस. घरची फॅरो भाषा ही नॉर्नची सख्खी बहीण, त्यामुळे शेटलंडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मध्येच येणारा शब्द त्यांना ओळखीचा वाटे. १८९५ पर्यंत ते बेटाबेटांवर हिंडले, घराघरांत चुलीपाशी बसले. नॉर्नच्या कुळातले दहा हजारांच्या घरात शब्द त्यांनी गोळा केले आणि शेटलंडच्या स्थळनामांवर वेगळा ग्रंथ लिहिला, तो १९०१ मध्ये डॅनिशमध्ये निघाला. त्यांच्या कोशात शब्दापुढे तो कोणत्या बेटावर ऐकला याची खूण असते आणि उच्चार ध्वनिलिपीत बारकाईने दिलेला असतो. एकाच शब्दाचे चार बेटांवरचे चार उच्चार असतील तर चारही. त्यांना भाषा येत होती, शुद्ध रूप कोणतं ते सांगण्याचा अधिकार होता, तरी त्यांनी ऐकलेलं आधी लिहिलं आणि आपलं मत नंतर. विद्वान माणसाला हे लो यांच्यापेक्षाही अवघड गेलं असणार.

त्यांच्या पुढे शेटलंडमधल्याच व्हाल्से बेटावरचे जॉन स्ट्यूअर्ट आले, पेशाने शिक्षक. त्यांनी आयुष्यभर नावं जमवली आणि त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये छापलं गेलं. आता शेटलंड अमेनिटी ट्रस्ट हे काम चालवतो. स्वयंसेवक मोठे नकाशे घेऊन जाणत्या माणसांकडे बसतात, बोट ठेवून विचारतात, आवाज मुद्रित करतात.

इथे मला माझ्या मुलखाचं बोललंच पाहिजे, कारण ही पानं वाचताना ते सतत डोळ्यांपुढे होतं. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून जमीन मोजणी सुरू केली आणि शेताला सर्व्हे नंबर आला. त्याआधी शेत ओळखलं जायचं ते नावाने. नंबर आल्याने कुळाचा सारा ठरला, लबाडीला आळा बसला, हे काम मोठंच झालं. पुढे १९४७ च्या कायद्याने तुकडे एकत्र करून गट पाडले, तेव्हा चार शेतांचा एक गट झाला आणि चार नावं एका आकड्याखाली आली. तरीही आपल्या सातबाऱ्यावर एक ओळ आहे: ‘शेताचे स्थानिक नाव’. ज्याने कुणी ती नमुन्यात ठेवली त्याला माझा नमस्कार. पण माझ्या हाताखालून गेलेल्या उताऱ्यांत ती बहुतेक कोरीच असायची. मोजणीला गेलं की मात्र बांधावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी नंबर नसे. ‘विहिरीच्या पट्टीतनं धरा साहेब, वाघाच्या टेकापातूर’ असंच ते बोलायचे. वैरणीला जाणाऱ्या बायका तर पुरुषांना ठाऊक नसलेली नावं सांगायच्या, कारण ओढ्याकाठच्या गवताशी काम त्यांचं होतं. फूलावरही तेच असणार. पुरुष मासेमारीला समुद्रात, मागे शेत, गुरं आणि पीट बायकांकडे. त्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात त्या नाहीत, म्हणजे बेटाच्या आतल्या भागातली निम्मी नावं विचारलीच गेली नाहीत असं मी धरून चालतो.

आणि समुद्र तर सगळाच राहिला. ऑर्डनन्स सर्व्हेचं काम किनाऱ्याशी संपायचं. पण शेटलंडच्या माणसाचं शेत समुद्रात होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या, सिक्सरीन म्हणतात त्यांना, जमीन क्षितिजावर जेमतेम दिसेल इतक्या दूर जात. तिथे माशांच्या जागा होत्या आणि प्रत्येक जागेला नाव होतं. पाण्यावर खूण कशी करायची? जमिनीवरच्या दोन ठळक गोष्टी एका ओळीत आणायच्या, समजा डोंगराचं टोक आणि त्याच्या अलीकडचं एखादं घर. ती झाली एक रेघ. दुसऱ्या बाजूला आणखी दोन गोष्टी एका ओळीत, ती दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे गळ टाकायचा. या खुणांना ‘मीड’ म्हणतात. आम्ही प्लेन टेबलवर, म्हणजे शेतात मांडायच्या मोजणीच्या फळीवर, जे करायचो तेच, फक्त टेबल हलतं आणि पेन्सिल नाही.

ही नावं बोलायचेही नियम होते. दूर समुद्रावर गेल्यावर जमिनीवरचे नेहमीचे शब्द उच्चारायचे नाहीत. पाद्र्याला पाद्री म्हणायचं नाही, ‘उपस्टँडर’ म्हणजे उभा राहणारा म्हणायचं. आमच्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात तसं. याकोबसेनना जुने शब्द मिळाले त्यातले पुष्कळसे याच दर्यावरच्या बोलीतले, कारण भीतीपोटी जपलेला शब्द सहजी टाकला जात नाही.

बेटाच्या पूर्वेला दोनेक मैलांवर पाण्याखाली खडकांचा एक पट्टा आहे, शाल्ड्स. नावातच उथळपणा सांगितलेला. फूलावरच्या पोरालाही ते माहीत. ८ सप्टेंबर १९१४ ला, महायुद्ध सुरू होऊन महिना झाला होता, ओशॅनिक नावाची सतरा हजार टनांची बोट त्याच्यावर चढली. एके काळची ती आलिशान प्रवासी बोट, तेव्हा नौदलात घेतलेली. हवा स्वच्छ, समुद्र शांत. बोटीवरच्या लोकांचा आपण कुठे आहोत याचाच हिशेब चुकला होता. माणसं सगळी वाचली. बोट त्याच महिन्याच्या अखेरीच्या वादळात फुटून गेली.

पण माणसं दर वेळी वाचत नसत. २० जुलै १८८१ च्या वादळात शेटलंडमधल्याच यल बेटाच्या ग्लूप भागातल्या आणि आसपासच्या दहा होड्या बुडाल्या आणि अठ्ठावन्न पुरुष गेले. घरंच्या घरं उघडी पडली. नाववह्या भरून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्या अठ्ठावन्न जणांना किती मीड ठाऊक होते हे त्या वह्यांत असायचं कारणच नव्हतं, आणि पुढे विचारायला ते राहिले नाहीत.

आमच्या वाटाड्याने परतताना याबद्दल सांगितलं. त्याचा काका जुन्या पद्धतीने मासे धरणारा. त्याच्याकडून याने काही मीड ऐकले होते. काही पूर्ण आहेत, दोन्ही रेघा ठाऊक आहेत, ते त्याने नोंदवले. पण काहींची एकच रेघ त्याच्याकडे आहे. कोणतं टोक कशावर आणायचं ते पाठ, दुसरी बाजू काकाबरोबर गेली. एका रेघेवर जागा ठरत नाही, ती किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत कुठेही असू शकते, हे मला त्याने समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याला विचारलं, “मग त्या अर्ध्या नोंदी तुम्ही दिल्यात का?”

“दिल्या,” तो म्हणाला. “जेवढं आहे तेवढं. ज्याच्याकडे दुसरी रेघ असेल त्याला ही उपयोगी पडेल.”

काकाबरोबर होडीत बसणारा एक जण तरुणपणी न्यूझीलंडला गेला होता. शेटलंडची पुष्कळ माणसं तिकडे गेली आहेत. तो आता नाही, पण मुलगा आहे, आणि त्या घरात बापाच्या हातची एक लहान वही असल्याचं आमच्या वाटाड्याच्या कानावर आलेलं. त्याने त्या मुलाला पत्र घातलं आहे. माझ्या मुलीच्या फोनमध्ये वाटाड्याचा पत्ता घेऊन ठेवला आहे, उत्तर आलं की तो कळवणार आहे.